बियाण्यातलं घड्याळ आणि क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे

फोनमधलं हवामानाचं अ‍ॅप उघडा. उल्हासनगर शोधा आणि आजचा सूर्योदय, सूर्यास्त बघून दिवस किती तासांचा आहे ते काढा. आता मेक्सिकोतलं चापिंगो शोधा. दिवसाची लांबी जवळपास तेवढीच येईल, फरक पडला तर एखाद-दोन मिनिटांचा. मग अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं पुलमन शोधा. जूनमध्ये बघत असाल तर तिथला दिवस सोळा तासांच्या जवळ गेलेला दिसेल आणि डिसेंबरमध्ये जेमतेम साडेआठ तासांचा. (मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला हा खेळ करू नका, तेव्हा सगळीकडे दिवस बारा तासांचाच असतो.)

मी राहतो ते उल्हासनगर कॅम्प २ साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि चापिंगो १९.५ वर. मध्ये अर्धी पृथ्वी आहे, पण उजेडाचं वेळापत्रक एकच. पुलमन आहे ४६.७ अंशांवर.

ही तीन गावं मी उगाच निवडलेली नाहीत. २०.७ अंशांवरच्या वर्ध्यात जन्मलेला एक मराठी माणूस पुलमनला शेतीशास्त्र शिकला आणि त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम चापिंगोत केलं. मधल्या काळात तो इंग्रजांविरुद्ध लढला, वेषांतर करून फिरला, पकडला गेला आणि निसटला. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. त्यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी क्रांतिकारकाची म्हणून सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र ती एका टेक्निकल प्रश्नाच्या बाजूने सांगायची आहे: झाडाला फूल कधी यायचं आणि पीक कधी तयार व्हायचं, हे कोण ठरवतं?

आधी घड्याळ समजून घेऊ

बदलापूर-अंबरनाथच्या पलीकडे गावाकडे ज्यांची भातशेती आहे त्यांना हा प्रश्न नवा नाही. तिथे भाताची विभागणी तीन शब्दांत होते: हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं लवकर तयार होतं, गरवं उशिरा, निमगरवं मध्ये. उंचावरच्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत हळवं लावतात, कारण पाऊस थांबला की तिथली ओल लगेच संपते. खोल, पाणी साचणाऱ्या खाचरात गरवं चालतं. पिकाचा कालावधी आणि जमिनीतलं पाणी यांचं गणित आपल्या लोकांनी या तीन शब्दांत बसवून ठेवलंय.

आता आतली यंत्रणा. काही झाडं ठरावीक वाढ झाली की फुलतात, बाहेर दिवस लहान असो की मोठा. काही झाडं दिवस लहान व्हायची वाट बघतात. जुनी गरवी भातं बहुतेक या दुसऱ्या गटातली. म्हणून लावणी दहा-पंधरा दिवस पुढे-मागे झाली तरी ती साधारण ठरलेल्याच सुमाराला निसवतात. झाड दिवस मोजतं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते रात्र मोजतं. पानात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, तोच सेन्सर. तांबड्या उजेडात ते एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात परततं. रात्र पुरेशी लांब झाली की पानात फुलाचा संदेश तयार होतो आणि तो शेंड्यापर्यंत जातो. मग शेंडा पानं काढायचं थांबवून फुलोरा काढायला लागतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एक टायमर आहे, त्याला एक मर्यादा दिलेली आहे, आणि मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी तो शून्यावर येतो. रील्समध्ये ड्रॅगन फ्रूटच्या बागेत रात्री बल्ब पेटलेले दिसतात ना, ती याच टायमरशी केलेली छेडछाड. ते झाड उलट्या गटातलं आहे, त्याला मोठा दिवस लागतो. म्हणून हिवाळ्यात रात्र मोडून त्याला फसवतात.

या शोधाच्या अगदी सुरुवातीला एक झाड येतं, ते म्हणजे भांगेचं. १९१२ च्या सुमाराला ज्युलियाँ तुर्नवा नावाचा फ्रेंच अभ्यासक हॉप्स आणि भांगेच्या रोपांवर प्रयोग करत होता. रोपांना रोज थोडेच तास उजेड दिला तर ती खूप लवकर फुलतात, हे त्याच्या लक्षात आलं. पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये तो मारला गेला. पुढे १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर काम करून हा नियम नीट मांडला.

धाग्यासाठी भांग पिकवणाऱ्या युरोपातल्या शेतकऱ्यांना याचा परिणाम माहीत असतो. दक्षिणेकडचं वाण उत्तरेला नेलं तर तिथल्या मोठ्या दिवसांमुळे ते फुलायचं थांबून राहतं आणि उंच वाढतं. धागा भरपूर मिळतो, पण थंडीपूर्वी बी पिकत नाही. धागा हवा असेल तर ते वाण उत्तम, बी हवं असेल तर निरुपयोगी. रशियाकडे या झाडाचा एक बुटका प्रकार आहे, तो दिवसाच्या लांबीकडे बघतच नाही, वय झालं की फुलतो. आज जगभरात लवकर फुलणारी जी वाणं निघतात, ती या प्रकाराशी संकर करून. आपल्याकडे परवान्याशिवाय गांजाच्या झाडाची लागवड हा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा विषय इथेच सोडू. आपल्याला हवं असलेलं तत्त्व मिळालं: वाण एका अक्षांशावरून दुसऱ्या अक्षांशावर नेलं की त्याचं घड्याळ चुकतं.

वर्धा ते पुलमन

खानखोजेंचा जन्म १८८४ चा, वर्ध्यातला. शाळा वर्ध्यात आणि नंतर नागपुरात. तो काळ टिळकांचा होता आणि विदर्भातली तरुण मुलं त्या वाऱ्याने पेटलेली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते देशाबाहेर पडले. आधी जपान, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा. उद्देश दोन होते आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले होते: लढाईचं शिक्षण घ्यायचं आणि शेतीचं शिक्षण घ्यायचं. कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत ते शिकले. ऑरेगनच्या शेतकी कॉलेजात गेले. पुढे पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून त्यांनी मास्टर्स केलं.

पुलमन हे साधंसुधं गाव नव्हतं. मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग कित्येक वर्षं कोणी वाचले नव्हते, ते १९०० मध्ये पुन्हा सापडले. त्याच सुमाराला पुलमनमध्ये विल्यम स्पिलमन हे प्राध्यापक गव्हाचे संकर करत होते. मेंडेलचं काम न वाचता ते १९०१ मध्ये त्याच नियमाजवळ पोहोचले. म्हणजे खानखोजे तिथे शिकले तेव्हा पीक-पैदास हे शास्त्र तरुण होतं आणि पुलमनला त्याची परंपरा होती. गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात याचा हिशेब मांडता येतो आणि हवे ते गुण एकत्र आणता येतात, हा विचार तेव्हा अगदी ताजा होता.

मेंडेलने स्वतः वाटाण्यात फुलायच्या वेळेकडेही पाहिलं होतं. संकरित रोपं दोन्ही पालकांच्या साधारण मधल्या वेळी फुलतात, असं त्याला दिसलं. बी गोल की सुरकुतलेलं, असा हा हो-नाही प्रकारचा गुण नव्हता. आज आपल्याला माहीत आहे की फुलायची वेळ बऱ्याचदा अनेक जनुकं मिळून ठरवतात. म्हणूनच तिची पैदास किचकट असते. एक स्विच दाबून काम होत नाही, बरेच नॉब थोडे थोडे फिरवावे लागतात.

मधली अकरा वर्षं

१९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर चळवळ उभी राहिली. लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी कामगार आणि कॉलेजात शिकणारी हिंदी मुलं यांनी मिळून ती बांधली. खानखोजे तिच्या पहिल्या लोकांपैकी एक. सोहनसिंग भकना त्यांचे सहकारी होते. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे याच चळवळीतून भारतात परतले. महायुद्धाचा फायदा घेऊन फेब्रुवारी १९१५ मध्ये सैन्यात उठाव करायचा बेत होता. फितुरी झाली, तारीख अलीकडे आणावी लागली, आणि उठाव उभा राहण्याआधीच मोडला गेला. नोव्हेंबर १९१५ मध्ये पिंगळ्यांना लाहोरात फाशी झाली.

खानखोजे त्या वेळी पश्चिमेकडून भारताकडे सरकायच्या प्रयत्नात होते. तुर्कस्तानातून इराणमध्ये उतरून त्यांनी तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रजांशी लढाई केली. पकडले गेले, सुटले, लपतछपत फिरले. युद्ध संपलं तेव्हा हातात ना उठाव होता ना मायदेश. बर्लिन झालं. १९२१ मध्ये हिंदी क्रांतिकारकांच्या गटाबरोबर मॉस्कोही झालं. भारतात परतलं तर अटक ठरलेली. चाळिशीला आलेला, शेतीची डिग्री असलेला आणि शेती करायला जमीन नसलेला माणूस. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले.

मेक्सिकोच का?

मेक्सिकोत १९१० पासून दहा वर्षं क्रांती पेटली होती. तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. मोठ्या हवेल्यांकडे हजारो एकर आणि राबणाऱ्याकडे काहीच नाही. क्रांतीनंतर जमीन वाटायला सुरुवात झाली. पण जमीन हातात आली म्हणजे पीक आलं असं होत नाही. बियाणं, पाणी आणि माहिती लागते. अमेरिकेत असताना खानखोजेंची मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळख झालेली होती, ती इथे कामी आली. राष्ट्रीय शेतकी विद्यालय नुकतंच चापिंगोला, एका जुन्या हवेलीच्या जागेत हललं होतं. तिथे ते शिकवायला लागले.

आता नकाशा बघा. त्यांचं शिक्षण झालं ४५-४७ अंशांवर, जिथे उन्हाळ्यात दिवस पंधरा-सोळा तासांचा. काम करायचं होतं १९.५ अंशांवर, जिथे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा. अमेरिकी पुस्तकातलं वाण आणि वेळापत्रक उचलून इथे लावलं असतं तर गाडी अडलीच असती. उजेडाच्या हिशेबाने चापिंगो त्यांच्या वर्ध्याच्या बरंच जवळ होतं.

मात्र एक मोठा फरक होता: उंची. चापिंगो समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटरवर आहे. म्हणजे इथे दुसरं घड्याळ चालू होतं, उबेचं.

उबेचं घड्याळ: एक सोपा हिशेब

मक्यासाठी शेतीशास्त्रात एक आकडा वापरतात. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्या, त्यांची सरासरी काढा आणि त्यातून १० वजा करा. कमाल ३० च्या वर गेलं तरी ३० च धरायचं, कारण त्यापुढे मका अधिक वेगाने वाढत नाही. जो आकडा येतो तो त्या दिवसाची ऊब. तो रोज साठत जातो, मोबाइलच्या डेटासारखा. ठरावीक साठा झाला की तुरा येतो.

समजा एखाद्या वाणाला तुऱ्यापर्यंत ८०० अंश ऊब लागते. आमच्याकडे पावसाळ्यात कमाल ३२, किमान २२ असा दिवस धरा. ३० आणि २२ ची सरासरी २६, वजा १० म्हणजे १६. मग ८०० भागिले १६, म्हणजे ५० दिवस. आता उंच पठारावर कमाल २५, किमान १० असा दिवस धरा. सरासरी १७.५, वजा १०, उरले ७.५. ८०० भागिले ७.५, म्हणजे सुमारे १०७ दिवस. तेच बी, दिवसही तेवढाच मोठा, पण तुऱ्याला दुपटीहून जास्त वेळ.

त्यानंतर दाणा भरायला अजून वेळ हवा. मेक्सिकोच्या मध्य पठारावर पाऊस मे-जूनला सुरू होतो आणि ऑक्टोबरपासून रात्री हिमाचं भय असतं. पाऊस उशिरा आला किंवा थंडी लवकर आली की दाणा दुधात असतानाच पीक जातं. ज्याच्याकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे त्याचं वर्ष त्या एका रात्रीत संपतं. म्हणून दुष्काळ आणि थंडी सोसणारी वाणं काढायची, हा खानखोजेंच्या कामाचा मोठा भाग होता. मका, गहू, कडधान्यं, सगळ्यांवर त्यांनी काम केलं. झाडाला दुष्काळात टिकवायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे त्याला काटक करायचं. दुसरा म्हणजे संकट यायच्या आत त्याला मोकळं करायचं, म्हणजे लवकर पिकवायचं. आपलं हळवं भात हा दुसरा मार्ग.

तुरा आणि केस यांची भेट

मक्यात वेळेची गंमत आणखी खोल आहे. वर तुरा असतो, तो नर. खाली कणीस, ते मादी. कणसातून बाहेर येणारा प्रत्येक केस एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. त्या केसावर पराग पडला तर तो दाणा भरतो, नाही पडला तर तिथे भोक राहतं. तुरा साधारण आठवडाभर पराग सोडतो. केस तुऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी येतात. पाण्याचा ताण पडला की तुरा वेळेवर येतो, पण केस मागे राहतात. केस बाहेर येईपर्यंत पराग संपलेला. पावसाळ्यात नेहरू चौकाच्या आसपास गाडीवर भाजलेलं कणीस घेताना मध्येच दाणे गायब दिसले, तर कीड किंवा खराब बियाणं हीच कारणं असतील असं नाही. बऱ्याचदा ही चुकलेली भेट असते.

खानखोजेंनी मक्याचा संकर तेओसिंते या गवताशी केला. तेओसिंते म्हणजे मक्याचा रानटी पूर्वज. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या लोकांनी यातूनच मका घडवला. त्याचं कणीस बोटाएवढं, दाणे मोजके आणि दगडासारखे टणक, पण झाड भारी चिवट. चापिंगोच्या परिसरात ते मक्याच्या शेतातच तण म्हणून उगवतं. खानखोजेंच्या संकरातून निघालेला मका तेओ-मका म्हणून ओळखला गेला. फाटे फुटलेल्या कणसाच्या ग्रॅनाडा नावाच्या मक्यावरही त्यांनी १९३० च्या दशकात लिहिलं.

असा संकर करायचा म्हणजे दोन घड्याळं जुळवायची. एकाचा पराग आणि दुसऱ्याचे केस एकाच आठवड्यात तयार हवेत. पराग साठवून ठेवायची सोय नाही, तो काही तासांतच निकामी होतो. मग पैदासकार काय करतो? उशिरा फुलणारा आधी पेरतो, लवकर फुलणारा नंतर, किंवा दोन-तीन तारखांना थोडा थोडा पेरतो. जास्तच अडलं तर रोपं रोज काही तास अंधारात झाकून लवकर फुलवतो. जालन्याच्या बाजूला संकरित बियाण्याचे प्लॉट घेणारे शेतकरी आजही हेच करतात. नराच्या ओळी आणि मादीच्या ओळी वेगवेगळ्या तारखांना पेरतात, म्हणजे फुलोरा एकत्र येतो. तारीख चुकली की प्लॉट गेला.

शाळा आणि भिंत

एवढंच असतं तर खानखोजे एक चांगले प्राध्यापक म्हणून राहिले असते. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. चापिंगोतला विद्यार्थी शिकून अधिकारी होणार, पण शेतात राबणाऱ्या माणसाला कोण शिकवणार? त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा सुरू केल्या. गावातच वर्ग, गावातच प्रयोगाचं शेत. बी कसं निवडायचं, कोणत्या झाडाचं कणीस पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवायचं, हे शेतकऱ्याने स्वतः शिकायचं.

हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण वेळेची निवड शेतातच होते. समजा शंभर झाडांतली पाच झाडं इतरांच्या आधी आठवडाभर तुऱ्यावर आली. शेतकऱ्याने तेव्हाच त्यांना दोरी बांधून खूण केली तर पुढच्या वर्षी लवकर पिकणारं बी वेगळं काढता येतं. कापणीनंतर सगळी कणसं एका ढिगात गेली की ती माहिती हरवली. मग कितीही मोठा शास्त्रज्ञ आला तरी ढिगाकडे बघून कोणतं झाड आधी फुललं ते सांगू शकत नाही. ही निरीक्षणाची ताकद ज्याच्याकडे असते त्याच्याकडे बियाण्याची सत्ता असते. क्रांतिकारक खानखोजे आणि शेतीशास्त्रज्ञ खानखोजे मला इथे एकच दिसतात.

त्या काळच्या मेक्सिकोने हे ओळखलं होतं. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीच्या भिंती रंगवल्या. त्यातल्या रोजच्या भाकरीवरच्या चित्रात सगळे टेबलाभोवती बसलेत आणि मधोमध भाकर मोडणारा माणूस आहे. त्याला रिवेरांनी खानखोजेंचं रूप दिलंय. इटालियन फोटोग्राफर तिना मोदोत्ती यांनी त्यांच्या कामाचे फोटो काढले. मायदेशात ज्यांच्या नावावर इंग्रज सरकारचा पहारा होता, ते तिथल्या सरकारी भिंतीवर अन्नदाते म्हणून बसले होते.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंडिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. त्यांना सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. मराठीत वीणा गवाणकरांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आहे.

चापिंगोत आलेला दुसरा माणूस

१९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले. त्यांच्या संस्थेचं प्रायोगिक केंद्र चापिंगोतच होतं. बोरलॉगना गव्हाची पैदास वेगाने करायची होती. म्हणून ते वर्षात दोन पिकं घ्यायला लागले: हिवाळ्यात उत्तरेला समुद्राजवळच्या सोनोरात आणि उन्हाळ्यात मध्य मेक्सिकोच्या उंच पठारावर. दोन्ही ठिकाणांत अक्षांशाचा सुमारे आठ अंशांचा आणि उंचीचा दोन हजार मीटरहून जास्त फरक. एका ठिकाणी दिवस लहान होत असताना पेरायचं, दुसरीकडे मोठा होत असताना. वरिष्ठांना हे पटत नव्हतं. बी ज्या जागी वापरायचं तिथेच निवडायचं, असा तेव्हाचा नियम होता.

निकाल मजेशीर लागला. ज्या रोपांचं उजेडाचं घड्याळ कडक होतं, ती दोन्हीपैकी एका ठिकाणी फसली आणि गळाली. उरली ती दिवसाच्या लांबीकडे फारसं लक्ष न देणारी. वेळ वाचवायला केलेल्या युक्तीतून असा गहू निघाला जो मेक्सिकोत चालतो, पाकिस्तानात चालतो आणि पंजाबातही चालतो. अनेक प्लॅटफॉर्मवर टेस्ट केलेलं सॉफ्टवेअर कुठेही चालतं, तसंच काहीसं. बुटक्या ताटाबद्दल आपण शाळेत वाचतो. पण हे मोकळं झालेलं घड्याळ नसतं तर मेक्सिकन गहू आपल्याकडे असा सरळ उचलून पेरता आला नसता. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं.

खानखोजेंचं काम आणि बोरलॉगचं काम वेगवेगळं, आणि दोघांच्या वाटाही वेगळ्या. एकाने गावागावात शाळा काढून शेतकऱ्याच्या हातात निवड दिली, दुसऱ्याने कुठेही चालणारं एक बी दिलं. आज आपल्याला दोन्हींची किंमत कळते. कुठेही चालणाऱ्या बियाण्याने भूक भागवली. पण ते पसरलं तशी जागेला जुळवलेली जुनी वाणं मागे पडली.

नागपूर, जानेवारी १९६७

स्वातंत्र्य मिळालं तरी खानखोजेंची परतीची वाट सोपी नव्हती. अखेर ते परतले आणि नागपुरात स्थायिक झाले. तिथेच २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचं निधन झालं. रब्बीचा हंगाम चालू होता. मेक्सिकोहून आलेल्या बियाण्याचा गहू त्या महिन्यात उत्तर भारतातल्या शेतांत उभा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगो विद्यापीठात त्यांचा पुतळा बसवला गेला आणि लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

आज याचं काय करायचं?

तुमच्या घरी शेती असेल तर यातल्या दोन गोष्टी लगेच उपयोगी आहेत. पहिली: बियाण्याच्या पिशवीवर उत्पादनाचा आकडा ठळक असतो, पण आधी कालावधी वाचा. किती दिवसांत फुलोरा, किती दिवसांत कापणी. मग आपल्याकडे पाऊस साधारण कधी थांबतो ते फोनमध्ये बघा आणि त्या तारखेपासून उलटं मोजा. जमीन हळव्याची असेल आणि जास्त उत्पादनाच्या मोहात गरवं लावलं, तर दाणा भरायच्या वेळी खाचर कोरडं असेल. दुसरी: शेताच्या कडेला नवीन रस्ता किंवा टॉवर झाला असेल तर रात्रीच्या दिव्यांकडे लक्ष द्या. रात्र मोजणाऱ्या पिकाला दिव्याखाली रात्र होतच नाही. सोयाबीनच्या शेतात दिव्याखालचा पट्टा बाकी शेत पिकलं तरी हिरवाच राहतो, हे जगात अनेक ठिकाणी दिसलंय. आमच्या पट्ट्यात भातखाचरं आणि इमारती इतक्या जवळ आल्यात की हा प्रश्न आता पुस्तकातला राहिलेला नाही.

आणि शेती नसेल तरी घरातल्या कोणाला, आजीला किंवा गावच्या काकांना, एकदा विचारा की पूर्वी आपल्याकडे कोणतं हळवं आणि कोणतं गरवं भात लावायचे. ती नावं लिहून ठेवा. प्रत्येक नावामागे एका जागेच्या पावसाला, उजेडाला आणि उबेला जुळवलेलं एक घड्याळ आहे, आणि ते लावायला कितीतरी पिढ्या लागल्यात. वर्ध्याचा एक माणूस परक्या देशातल्या शेतकऱ्यांना तेच घड्याळ स्वतः लावायला शिकवत होता. आपल्याकडची निदान नावं तरी आपण हरवू नयेत.